चाकं चार, ओढतंय कोण?

आमच्याकडे दारात नवीन गाडी उभी राहिली की पूर्वी दोनच प्रश्न असत. "किती बसत्यात?" आणि "किती देती?" पहिल्याचं उत्तर कंपनीच्या आकड्याला दोननं गुणून द्यायचं आणि दुसऱ्याचं दोननं भागून ऐकायचं, असा रिवाज. आता त्यात आणखी दोन प्रश्नांची भर पडली आहे. "हायब्रीड हाय का?" आणि "फोर बाय फोर हाय का?" विचारणाऱ्याला यांचा अर्थ ठाऊक असतोच असं नाही, आणि सांगणाऱ्याला तर बहुधा नसतोच. तरी दोघांनीही गंभीरपणे माना डोलावल्याशिवाय चाकाखालचं लिंबू फुटत नाही.

हे गाव करजगी. करजग्या पुष्कळ आहेत. एक जत तालुक्यात, एक अक्कलकोट तालुक्यात, एक पार हावेरीकडे. मोबाइलमधल्या बाईच्या भरवशावर निघालेले पाहुणे भलत्याच करजगीत पोचतात आणि तिथून आम्हाला फोन करतात. आमची करजगी कलबुर्गी जिल्ह्यातली, अफजलपूर तालुक्यातली, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेली. घरात मराठी, बाजारात कन्नड, गॅरेजात दखनी आणि भांडणात तिन्ही. रस्त्यावर केए 32 आणि एमएच 13 सारख्याच संख्येनं आणि सारख्याच खड्ड्यांतून जातात. हद्दीवरचा खड्डा कोणत्या सरकारचा, हे मात्र खड्ड्यावरून कळत नाही. कोण बोलतंय त्यावर ते ठरतं.

तर आमच्या दादाला गाडी घ्यायची होती. दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. तूर आणि ऊस, आणि दोन्हींचे पैसे एकाच वर्षी आलेले. असा योग पत्रिकेत क्वचितच येतो, तेव्हा तो टळायच्या आत आम्ही सोलापूर गाठलं. शोरूममधल्या पोरानं गळ्यात टाय, हातात टॅबलेट घेऊन आमचं स्वागत केलं.

"हायब्रीडमध्ये दोन प्रकार आहेत सर. माइल्ड आणि स्ट्राँग."

चहाचं विचारतोय असं वाटून दादा म्हणाला, "स्ट्राँगच सांगा."

"उत्तम सर. स्ट्राँगला 27.97 चं ॲव्हरेज."

"आणि फोर बाय फोर?"

"ते माइल्डला सर. ऑलग्रिप."

"म्हणजे ताकद माइल्डला जास्त."

"नाही सर, ताकद स्ट्राँगला. 116. माइल्डला 103."

"मग चिखलात जाणार कोण?"

"माइल्ड, सर."

दादानं माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मीच, त्यामुळे असल्या पेचाच्या वेळी माझ्याकडे बघायची पद्धत आहे.

पोरगं खोटं बोलत नव्हतं, हे इथं सांगून ठेवतो. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या 2022 साली आलेल्या जुळ्या बहिणी. दोघींचा जन्म बेंगळुरूजवळच्या बिडदीचा. म्हणजे आमच्याच राज्यात बनलेली गाडी बघायला आम्ही परराज्यात गेलो होतो, कारण सोलापूर जवळ पडतं. या घराण्यात स्ट्राँग हायब्रीड घेतली तर फक्त पुढची दोन चाकं ओढतात. चारही चाकं ओढणारी हवी असेल तर माइल्ड घ्यावी लागते. माइल्डमध्ये पट्ट्यानं इंजिनाला जोडलेली एक छोटी मोटर असते. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन ती झटक्यात सुरू करते, चढावर थोडा हात लावते, पण एकटीनं गाडी हलवणं तिच्या कुवतीबाहेरचं. स्ट्राँगमधली मोटर मात्र इंजिन झोपलेलं असतानाही गाडी चालवते. तिची बॅटरी 0.76 किलोवॅट-अवरची, म्हणजे मीटरवरचं पाऊण युनिट. गृहज्योतीत सरकार घरामागे महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट देतं, आणि ही गाडी पाऊण युनिटावर एवढा तोरा मिरवते! पण ते पाऊण युनिट ती पुन्हा पुन्हा वापरते. ब्रेक दाबला की मोटर उलट्या कामाला लागून वीज भरते, निघताना तीच वीज खर्च करते. आमच्या आईचा संसार याच तत्त्वावर चालला.

आता चाकांकडे वळू. गाडीचं पुढचं एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं कोरड्यावर ढिम्म उभं असतं, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इंजिनात शंभर घोडे असताना कोरड्यावरच्या चाकाला एकही का मिळत नाही? याचं उत्तर शोरूमच्या पोराला देता येईना. ज्यानं बैलगाडी हाकली आहे त्याला ते येतं.

जू मधोमध बांधलेलं असतं. वळणावर बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. जू फिरतं म्हणून दोघांचं जमतं. मोटारीतला डिफरन्शियल नेमका याचसाठी असतो. पण जो गुण तोच अवगुण. एक बैल ढिला पडला की जू त्याच्या बाजूनं मागं येतं. दुसरा बिचारा मान घालून पुढं सरकतो, पण गाडी जागची हलत नाही. जुवाचा नियमच असा की दोन्ही बाजूंना जोर सारखा. म्हणजे जो कमी ओढेल, त्याच्याच मापानं दुसऱ्याचंही ओढणं. (सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांचा अभ्यास करणाऱ्यांनी या वाक्याशी थांबायला हरकत नाही.) चिखलातल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून कोरड्यावरच्यालाही तो मिळत नाही.

जुन्या गाडीवानांकडे यावर उपाय होता. जू दोरीनं गाडीलाच जखडून टाकायचं. मग जू फिरत नाही आणि दुसऱ्या बैलाचा जोर कामी येतो. ट्रॅक्टरवर पायाशी डिफ-लॉकचं जे पेडल असतं ते हीच दोरी. हल्लीच्या एसयूव्हीत ही दोरी संगणकाच्या हातात आहे. प्रत्येक चाकाजवळ बसवलेला सेन्सर वेग मोजतो. एखादं चाक उगाच पळायला लागलं की संगणक तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतो. आता त्याला फिरायला जोर लागतो, आणि तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही मिळतो. पळणाऱ्याला धरलं की बसलेला उठतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे मागं बैलांची दुसरी जोडी. ऑलग्रिपमध्ये ही जोडी पहिलीच्याच दावणीला आहे. पुढच्या गिअरबॉक्सपासून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागं जातो. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी चकत्यांचं एक कपलिंग. चकत्या ढिल्या असल्या की मागची चाकं नुसती सोबत चालतात, विजेनं आवळल्या की ओढायला लागतात. कधी आवळायच्या हे चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि तुमचा ॲक्सिलरेटरवरचा पाय पाहून संगणक ठरवतो. अर्थात दुसरी जोडी पाळायची तर वैरण आली. सगळा लोखंडी संसार पोटाखाली वागवायचा म्हणून 2022 साली कंपनीच्याच आकड्यात ॲव्हरेज 21.11 वरून 19.38 वर आलं होतं. ओढा वा न ओढा, दाणागोटा चालूच.

आणि खऱ्या हायब्रीडमधली दुसरी जोडी? तिची गोष्ट न्यारी. तिथं पुढून मागं दांडाच नाही. मागच्या चाकांना त्यांची स्वतःची विजेची मोटर. पुढच्या इंजिनाशी तिचं नातं फक्त तारेचं. टोयोटानं 2001 साली जपानमध्ये एस्टिमा नावाच्या व्हॅनमध्ये ही रचना बाजारात आणली. युक्ती मात्र शंभर वर्षं जुनी. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोनर कंपनीची विजेची गाडी उभी होती. फर्डिनांड पोर्श नावाच्या पंचविशीतल्या पोरानं तिच्या चाकांच्या तुंब्यातच मोटारी बसवल्या होत्या. त्याच वर्षी त्यानं एका इंग्रज गिऱ्हाइकासाठी चारही चाकांत मोटारी घातल्या. बॅटरीचंच वजन 1,800 किलो भरलं! म्हणजे एकेका चाकाला मोटर आली ती मुख्यतः बॅटरी ओढायला. पुढं याच पोर्शनं बॅटरी कमी करून पेट्रोल इंजिनावर वीज बनवायला सुरुवात केली. हायब्रीडचा जन्म असा ओझं कमी करण्यातून झाला.

आमचा भाचा अमेरिकेत डेट्रॉइटकडे असतो. त्याच्याकडे राव-फोर हायब्रीड आहे. तिच्या मागच्या मोटरीची ताकद 54 घोड्यांची, आणि गरज पडली तर एकूण जोरातला 80 टक्क्यांपर्यंत वाटा मागच्या चाकांकडे जातो, असं कंपनी सांगते. बर्फात तो सुसाट जातो आणि त्याचे व्हिडिओ पाठवतो. युरोपातल्या यारिस क्रॉस नावाच्या छोट्या गाडीची मागची मोटर मात्र जेमतेम पाच एचपीची. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. पाच एचपी म्हणजे आमच्या विहिरीवरची मोटर! पण ते पुरतं. बर्फातून गाडी हलेपर्यंतचा धक्का देणं हेच तिचं मुख्य काम. जागच्या जागी पूर्ण जोर लावायचा गुण विजेच्या मोटरीत उपजतच असतो. गाडी हलली की तिची ड्युटी बरीचशी संपली.

भारतात अशी मागं मोटर असलेली हायब्रीड घ्यायची तर वेलफायर किंवा लेक्सस. वेलफायर एक कोटीच्या पुढं. तूर आणि ऊस यांच्या जोडीला दादाच्या शेतात पेट्रोलही लागलं तरच जमेल असा तो मामला. शेवटी त्यानं स्ट्राँगही घेतली नाही आणि माइल्डही नाही. घरच्या बारा माणसांचा हिशोब करून क्रूझर घेतली, आणि टायवाल्या पोराला "पुढच्या हंगामाला बघू" असं सांगून आला. ते पोरगं अजून दर महिन्याला फोन करतं. दादा उचलतो, उसाचा भाव सांगतो आणि ठेवतो.

क्रूझरची थोडी तरफदारी इथं केलीच पाहिजे. चाकाची पकड दोन गोष्टींवर ठरते. टायर आणि जमीन यांचं घर्षण, आणि चाकावर पडणारं वजन. क्रूझरला ओढायला मागची दोनच चाकं. पण कलबुर्गी-अफजलपूर रस्त्यावरच्या वडापच्या क्रूझरमध्ये मागं दहा, दारात दोन, मागच्या शिडीवर तीन आणि टपावर शेळीसकट चार माणसं असतात. हा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर. अशी गाडी चिखलात घसरत नाही आणि घसरलीच तर ढकलायला अठरा माणसं आतच तयार. जर्मन इंजिनिअरांना हे कधी सुचलं नाही.

आता काळ्या मातीबद्दल. ही माती माणसाळलेली नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चप्पल आत गेली तर पुढच्या पिढीला सापडावी, आणि पाऊस पडला की तीच फुगून, चिकट होऊन पाय धरते. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांत पाणी पापुद्र्यांमध्ये शिरतं म्हणून हे होतं. शेतातून चालत आलेल्या माणसाची उंची दोन इंचांनी वाढलेली असते. टायरचंही तेच. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत खाचा लिंपून निघतात आणि टायर गुळगुळीत काळा लाडू बनतो. आता अशी चारही चाकं. कपलिंग आवळा, ब्रेक लावा, मागं 54 घोडे जुंपा, पकडच नाही तर वाटायचं काय? ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली पकड चार ठिकाणी वाटून वापरते. नवी पकड ती निर्माण करत नाही. ब्रेक मारताना तर तिचा काही उपयोगच नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. अक्कलकोटच्या रस्त्यावर ओव्हरटेक करणाऱ्यांनी एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी स्वामींचा ताण बराच हलका होईल.

हे सगळं मला ठाऊक होतं, पण दाजींना सांगणार कोण? दाजी पुण्याचे. बहिणीच्या नवऱ्याला ज्ञान शिकवणं आमच्याकडे शिष्टाचारात बसत नाही. अक्कलकोट करून, गाणगापूरला जायच्या आधी जेवायला म्हणून ते आमच्याकडे आले, चारचाकी ओढीची नवी पांढरी गाडी घेऊन. गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिचा दोष नव्हता. मधल्या कप्प्यात एक गोल चकती. ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक. मे महिन्यात चाळिशी ओलांडून वर जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यात 'स्नो' हा शब्द पोरांनी फक्त पावडरच्या डब्यावर वाचलेला. सगळं गाव ती चकती बघायला आलं. एका आजीनं ती फिरवून पाहिली आणि "गार वारं येईना की रे," म्हणाली.

आदल्या रात्री पाऊस झालेला. दाजी म्हणाले, "चला, तुमची तूर गाडीतूनच बघू."

"बांधापर्यंत चालत जाऊ की दाजी," मी म्हणालो. शिष्टाचारात याहून जास्त बसत नव्हतं.

बांध ओलांडून पंचवीस-तीस पावलं गाडी झकास गेली, हे कबूल केलं पाहिजे. दोनच चाकं ओढणारी गाडी बांधालाच थांबली असती. मग मागचं टोक डावीकडे गेलं, दाजींनी चकती लॉकवर नेली, चारही चाकं एकजुटीनं फिरली आणि चारही एकजुटीनं खाली बसली. इंजिनाचा आवाज वाढत गेला, आतल्या पडद्यावर कुठल्या चाकाला किती जोर जातोय याचं रंगीत चित्र नाचत होतं. चित्र उत्तम होतं. गाडी पोटावर टेकली होती. चाकाच्या कमानीत चिखल इतका ठासून बसला की बोटसुद्धा शिरेना. दादानं खुरप्यानं तो उकरायला घेतला, आतून अखंड वडीच निघाली. टायरच्या नक्षीचा छाप उलटा उठलेली, आणि मधोमध तुरीचं एक हिरवं रोप तसंच उभं.

शेवटी ट्रॅक्टरवाल्या अण्णांना फोन गेला. अण्णा हंगामात हवळग्याच्या कारखान्याला ऊस वाहतात, बाकीचे महिने असल्या भक्तांना. आले ते सावकाश, बीडी संपवूनच. ट्रॅक्टर 50 एचपीचा, ओढणारी चाकं दोनच. पण ती पुरुषभर उंच, त्यांवरच्या रबरी पट्ट्या बोटभर वर आलेल्या आणि मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं. साखळी लावली, डिफ-लॉकवर पाय दिला आणि एका दमात गाडी बांधावर. दाजींनी पाकीट काढलं.

"किती झाले?"

"एरवी पाचशे घेतो री. फोर बाय फोरला हजार."

"ते का?"

"टू व्हीलवाली गाडी बांधालाच रुतती, दाजी. तुमची लई आत जाऊन रुतती. डिझेल लागतंय की."

दाजींनी हजार दिले आणि अपमान झाकायला अण्णांना तंत्रज्ञान समजावायला घेतलं. हायब्रीड, बॅटरी, ब्रेकमधून वीज, आणि परदेशात कशी मागच्या चाकांना वेगळी मोटर असते, मधे दांडाच नसतो, वगैरे. मला वाटलं अण्णा जांभई देतील. पण ते बीडी न पेटवता ऐकत राहिले, मग खाली बसून त्यांनी ट्रॅक्टरच्या मागं हात केला, जिथं हंगामात ट्रॉली असते.

"मंजे बघा," ते म्हणाले, "उसाच्या डबल ट्रॉलीला चढावर माझं पुढचं चाक हवेत उठतंय अन् मागचं जागेवर फिरतंय. ट्रॉलीला दहा टन वजन, पण तिची चाकं फुकट. नुसती लोंबकळत येत्यात. तुमच्या त्या मोटरीगत एक मोटर ट्रॉलीच्या कण्याला बसवली, तर ट्रॉलीच मला ढकलील. वजन तिच्यावरच हाय, पकड बी तिचीच. हौद का न्हाई?"

दाजी गप्प. मीही. टायवाल्या पोराला, दाजींना आणि मला मिळून जे नीट सांगता आलं नव्हतं, ते अण्णांनी वापरायलाच काढलं होतं.

"केवढी लागंल?" अण्णांनी विचारलं.

मी यारिसची गोष्ट सांगितली. पाच एचपीतही भागतं म्हणालो.

अण्णा उठले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू. "मग झालं की! जुन्या विहिरीवरची पाच एचपी पडूनच हाय, पाणी आटल्यापासनं. तेवढं एक त्या कंपनीवाल्यांना विचारून सांगा, मास्तर. हितनं हवळग्यापातूर थ्री फेजची वायर किती लांब लागंल?"